विहिरीची रेघ

फोन आला तेव्हा मी पेडण्याला आमच्या घरी ओसरीवर बसून वाल सोलत होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून जात होतं, त्या घरघरीत ताईचा पहिला शब्द मला ऐकूच आला नाही. "काय गो, परत सांग," मी म्हणाले. ती थांबली. विमान गेल्यावर अगदी सपाट आवाजात म्हणाली, "शैले, तुझे भावोजी गेले." कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं. डिचोलीच्या बाजारात, पणजीला मुलाकडे, कुठेतरी तारा नाहीतर बॅटरी आणायला... हा माणूस घरात स्वस्थ बसलेला मला कधी माहीतच नव्हता. मग ताई रडली आणि मला कळलं. सकाळी उठले, विहिरीवर जाऊन आले, चहात बुडवून अर्धा उंडा, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, खाल्ला आणि खुर्चीतच मान टाकली. अर्धा उंडा बशीत तसाच होता, हे ताईने मला त्या दिवसात चार वेळा सांगितलं.

त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट ऐकवली, की वासुदेव म्हणजे साधा माणूस. साधे वगैरे ते अजिबात नव्हते. भयंकर हट्टी होते, स्वतःवर जरा जास्तच विश्वास असलेले होते, आणि तो विश्वास बहुतेक वेळा खरा ठरायचा म्हणून आणखीच राग यायचा. गेलेल्या माणसाला साधा म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मी त्यांची मेहुणी आहे, चाळीस वर्षं भांडले आहे, मला ते जमायचं नाही.

पहिल्यांदा ते आमच्याकडे आले ते ताईला बघायला. मी तेव्हा आठवीत. आमचा रेडिओ वर्षभर मुका होता आणि त्याच्यावर आईने भरतकामाचा रुमाल घालून ठेवला होता. पोहे आले, ताई आली, वडलांनी नाव-गाव विचारायला सुरुवात केली, आणि भावोजींची नजर त्या रुमालावर. "हो चलना?" त्यांनी विचारलं. चालत नाही म्हटल्यावर त्यांनी एक बोथट सुरी मागून घेतली आणि सगळ्यांदेखत रेडिओ उघडला. पोहे निवून गेले. त्यांच्याबरोबर आलेले मामा खोकून खोकून दमले. अर्ध्या तासाने रेडिओ बोलायला लागला आणि वडलांनी तिथल्या तिथे होकार दिला. "माका पळोवंक आयिल्ले, आनी पळयलो रेडिओ," मला बघायला आले आणि बघितला रेडिओ, हे ताईचं आयुष्यभराचं गाऱ्हाणं. ते ऐकलं की भावोजी गालात हसायचे आणि दुसरीकडे बघायचे.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रांच्या विजेचं काम त्यांनी तीस-बत्तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळात जातात, हे मागच्या खोलीत गेले. तिथे जुने टीव्ही, पंख्यांच्या मोटारी, तारांची भेंडोळी, आणि एका गोड तेलाच्या डब्यात नखाएवढ्या काळ्या चिपा. मी पेडण्याहून सुट्टीला गेले की मला ती खोली दाखवायचे. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, मला त्यातलं काय कळणार? पण दुसऱ्याला कळलं नाही म्हणून बोलणं थांबवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

त्यांचं घर डिचोली तालुक्यात, एका डोंगराच्या पायथ्याशी. घरामागे कुळागर, म्हणजे सुपारी, नारळ, केळी, मिरवेल अशी एकात एक लावलेली बाग, आणि तिच्या कडेला विहीर. वाड्यावरची सात घरं त्याच विहिरीचं पाणी पितात. काही वर्षांपूर्वी डोंगरावर चिरेखण सुरू झाली. जांभ्याचे चिरे कापून विकायचे, आणि इकडे बांधकामं इतकी वाढलेली की कापले तेवढे कमीच. खण खोल जात राहिली, तळाशी पाणी लागलं, ते उपसायला मोठा पंप बसला. पुढच्याच उन्हाळ्यात ताईची बादली विहिरीच्या तळाला घासली. खणीचे मालक, ज्यांना सगळे खणवाले म्हणतात, ते परके नव्हते. त्याच गावचे, पालखीला भावोजींच्या बरोबरीने खांदा देणारे. ते म्हणायचे, "उन्हाळ्यांत विहीर सकयल वताच, वासूबाब. तुमच्या आज्याच्या काळांतूय वताली." ते अर्धं खरं होतं. विहीर दर उन्हाळ्यात खाली जातेच. पण किती जाते, कधी जाते आणि कशाने जाते, हे कोणी मोजलं होतं?

इकडे पणजीला असलेल्या त्यांच्या मुलाने, विनयने, फ्लॅटमधली एक खोली रिकामी करून ठेवली. टँकरच्या पाण्यावर कुळागर जगत नाही आणि तुम्ही दोघं या वयात किती दिवस घागरी वाहणार, असं तो म्हणायचा. तो चुकीचं बोलत नव्हता. शेवटी ठरलं ते असं, की आणखी एक उन्हाळा बघायचा. विहीर राहिली तर राहायचं, विहीर गेली तर घराला कुलूप आणि पणजी. ताई यावर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ती फक्त पोफळींना पाणी घालताना त्यांच्याशी बोलायला लागली.

"आमी मेजूंया," भावोजी म्हणाले. मोजूया. एवढंच.

तेलाची रिकामी बाटली घेतली, तिच्यात थोडी रेती, तिला नायलॉनची दोरी. दोरी सायकलच्या चाकाच्या रिंगवरून घेऊन पलीकडे वजनाला नट-बोल्ट टांगले. पाणी उतरलं की बाटली उतरणार आणि चाक फिरणार. चाकाच्या आसाला जुन्या रेडिओतलं आवाज कमीजास्त करायचं बटण जोडलं. म्हणजे पाणी वर-खाली झालं की बटण फिरायचं, आणि ते किती फिरलं हे ती नखाएवढी चिप वाचायची. मायक्रोकंट्रोलर म्हणतात तिला. आलेख छापायला बसच्या कंडक्टरकडे असतो तसला तिकिटांचा छोटा प्रिंटर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या मालात मिळालेला. त्याला शाई लागत नाही. कागदच असा, की जिथे चटका बसेल तिथे काळा होतो. हे त्यांनी मला तेव्हाच नीट समजावून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती, हे इथेच कबूल करून टाकते.

अडलं ते मेमरीपाशी. त्या चिपची मेमरी दोन किलोबाइट. म्हणजे किती, मी विचारलं. तुझ्या शाळेतल्या मुलीच्या निबंधाचं अर्धं पान, ते म्हणाले, त्याच्या वर एक अक्षर नाही. त्यांनी घाट घातला होता तो असा, की दिवसभराची मापं साठवायची आणि संध्याकाळी त्यांचा पूर्ण आलेख एकदम छापायचा. मापं मावायची. पण त्या मापांचं चित्र, कुठला ठिपका काळा आणि कुठला पांढरा हा सगळा नकाशा, त्याला तिपटीहून जास्त जागा लागायची. यंत्र मधेच अडकायचं आणि हातभर भलतीसलती चिन्हं ओकायचं. दोन आठवडे हेच चाललं. विनय म्हणाला, मोठी चिप आणून देतो, आजकाल सगळं मिळतं. भावोजींनी साफ नकार दिला. यंत्राचं डोकं लहान म्हणून दुसरं आणायचं, म्हणजे आपल्याला शिकवता येत नाही म्हणून पोराला मठ्ठ म्हणायचं, असं म्हणाले, आणि म्हणताना मुद्दाम माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी आमचं बोलणं जेवणापर्यंत बंद होतं.

वाट सापडली ती ताईच्या हातात. ताई पायरीवर बसून अबोलीची वेणी करत होती आणि हे समोर डोकं धरून बसलेले. अचानक त्यांनी विचारलं, पूर्ण वेणी कशी दिसणार ते तू आधी मनात धरतेस का? ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांना ऊन लागलंय. "सगळी वेणी कोण मनांत धरता? मागलें फूल बोटांत धरचें, फुडलें घालचें." भावोजी उठले ते तडक मागच्या खोलीत.

कागद प्रिंटरमधून पुढे सरकत असतो, वेळही पुढे सरकत असते. मग वेळ कागदाच्या लांबीवरच घालायची. दर दहा मिनिटांनी एकच ओळ छापायची, पाणी जिथे असेल तिथे एक ठिपका. एका ओळीला लागतात अठ्ठेचाळीस बाइट. ती छापली की पुसून टाकायची आणि त्याच जागेत पुढची मांडायची. फक्त मागचा ठिपका कुठे होता तेवढं धरून ठेवायचं, म्हणजे नवा ठिपका लांब पडला तरी दोघांमधली जागा काळी करून रेघ अखंड ठेवता येते. पूर्ण आलेख यंत्राच्या डोक्यात कधीच नसतो, तो बाहेर कागदावर तयार होत जातो. मला हे सांगताना "अठ्ठेचाळीस" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की बोर्डात पहिला आलेला मुलगा आपले गुण सांगतोय. मी खूप वर्षं मुलांना आलेख शिकवले, पण असा उलट्या अंगाने कधी विचार केला नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटला.

विहिरीशेजारच्या पंपाच्या खोलीत यंत्र बसलं. कागदावर एक दिवस दोन बोटांएवढा, एक आठवडा वीतभर. पट्टी आडवी धरली की जिना दिसायचा. सकाळी सातला खणीवरचा पंप सुरू झाला की रेघ उतरायला लागायची, संध्याकाळी पाचला थांबायची, रात्रभरात थोडी सावरायची, पण जिथून उतरली तिथवर पोचायची नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक पायरी खाली. रविवारी खण बंद, त्या दिवशी रेघ वर. इतकं लख्ख, की तिसरीतल्या मुलानेही वाचावं. भावोजी रोज सकाळी कडेला बॉलपेनने तारीख घालायचे. हे सगळं एखाद्या मेमरी कार्डात साठवून ठेवा, असं मी एकदा सुचवलं. "कोणाक? सायब कागद वाचता, कार्ड वाचना," ते म्हणाले. सरकारी कचेरीत तक्रारीचा अर्ज गेला. अमुक शनिवारी साहेब जागेवर येऊन पाहणी करतील, असं उत्तर आलं. आदल्या शनिवारी मी तिथेच होते. भावोजींनी सात आठवड्यांची पट्टी फाडून, गुंडाळी करून माझ्या हातात दिली. साहेबांना द्यायचं निवेदन मी लिहिणार होते, माझं अक्षर चांगलं म्हणून. "चार झेरॉक्स काडून हाड," ते म्हणाले. झेरॉक्स काढून आण. दुसरं काही नाही.

आता आमच्याकडची एक खोड सांगायला हवी. पावसाचे चार महिने आमच्या कपाटांतल्या कागदांना बुरशी येते. त्यामुळे आम्ही दिसेल ते लॅमिनेट करतो. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, पोरांच्या गुणपत्रिका, जमिनीचा उतारा... माझ्या शेजारणीने तर स्वतःची लग्नपत्रिका करून घेतली आहे. ती पातळ, गुंडाळी होणारी पट्टी झेरॉक्सच्या काचेवर सरळ राहीना, तेव्हा मला वाटलं, आधी लॅमिनेट करावी, मग झेरॉक्स काढावी. कागदही टिकेल आणि प्रतीही नीट येतील. भावोजींनाही सुचलं नाही ते मला सुचलं, असा भलता अभिमानही वाटला. सोमवारी पेडण्याच्या दुकानात मी स्वतः कात्रीने पट्टीचे पाच तुकडे केले, मोठ्यातलं मोठं पाकीट मागितलं, तारखांच्या क्रमाने पाचही ओळीत लावले आणि दुकानातल्या बाईच्या हातात दिले. लॅमिनेशनचं यंत्र म्हणजे दोन तापलेले रूळ. एका बाजूने पांढरी पट्टी आत गेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली ती काळीठिक्कर. पाचच्या पाच. रेघ नाही, तारीख नाही, काही नाही. "बाई, हें कितें गो?" दुकानातली बाई म्हणाली. माझ्या पर्समध्ये मोबाईल होता. आत घालण्याआधी एक फोटो काढावा, एवढी अक्कल मला झाली नव्हती.

यंत्राकडे दुसरी प्रत नव्हती. छापून झालं की ते विसरतं, हे तर मला चांगलंच माहीत होतं. त्या सोमवारी मला झोप लागली नाही. मंगळवारी दुपारी पेडणे-म्हापसा-डिचोली असा प्रवास केला आणि ते काळं पाकीट भावोजींच्या समोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, उजेडाकडे धरलं, उलटंपालटं केलं. शिव्या घाला, मी म्हणाले. पाकिटावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "लॅमिनेशन बरें केलां. हवेचो एक बुडबुडो ना." त्यावर मी जी रडायला लागले ती थांबेचना. ताईने पाणी आणून दिलं, तेही त्याच विहिरीचं, त्याने आणखीच भरून आलं. इतक्या वर्षांचं माझ्या बहिणीचं घर मी एका पाकिटात घालून जाळलं होतं. भावोजी म्हणाले, "शैले, विहीर खंय काळी जाल्या? पंप आजूय चलता, ती आजूय सकयल वता. यंत्र छापतां आसा." चारच दिवस राहिलेत, मी म्हणाले. "पुरो," ते म्हणाले. पुरे आहेत. त्या आवाजात तसूभरही शंका नव्हती. त्या संध्याकाळी मी गेल्यावर ते दिवेलागणीपर्यंत विहिरीच्या कठड्यावर बसून होते, हे ताईने मला फार उशिरा सांगितलं.

गुरुवारी नवंच संकट आलं. खणीवर पंप चालवणारा मारुती, बेळगावकडचा, रोज सकाळी ताईच्याच विहिरीवर कळशी भरायला यायचा. तो सहज म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, साहेब येऊन जाईपतूर पंप लावायचा न्हाई. दोन दिवस आम्हाला सुट्टीच की." ताईने लगेच मला फोन केला. पंपच बंद, तर रेघ उतरणार कशी? साहेबांना दाखवायचं काय? जुनी पट्टी मी घालवली, नवी खणवाल्यांनी घालवली. भावोजींना फोन दे, मी म्हणाले. ते फोनवर चक्क खुशीत होते. "बंद करूं दी. बरें जालें," म्हणाले आणि ठेवून दिला. मला वाटलं, आता हा हट्ट राहिला नाही, डोक्यावर परिणाम झालाय.

शनिवारी मी सकाळीच जाऊन बसले. साहेब आले. वयाने तरुण, शांत, फार न बोलणारे. त्यांच्याबरोबर खणवाले, पांढऱ्या शर्टात. सात घरांतली माणसं कुळागरात उभी. खणवाल्यांनी साहेबांना विहिरीच्या काठावर नेलं आणि म्हणाले, "पळयात सायबा. खंय आटल्या? पाणी आसा." पाणी होतंच. ताईच्या बादलीला बुधवारी तळ लागत होता, आणि आज विहीर चांगली दिसत होती. साहेबांनी आत वाकून बघितलं आणि प्रश्नार्थक नजरेने भावोजींकडे वळले. ताईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. भावोजी मात्र पंपाच्या खोलीत गेले, वीतभर पट्टी फाडून घेऊन आले आणि म्हणाले, "आडवी धरात, सायबा."

साहेबांनी पट्टी आडवी धरली. हे काय आहे, कसं छापतं, दोरी कोणी हाताने ओढली तर काय, असे तीन-चार रास्त प्रश्न विचारले. भावोजींनी त्यांच्या हातात टेप दिली. साहेबांनी स्वतः टेप सोडून पाणी मोजलं, पट्टीच्या शेवटच्या ठिपक्याशी ताडून बघितलं. बोटभराचाही फरक निघाला नाही. मग त्यांची नजर पट्टीवरून मागे गेली. रविवार जरासा वर. सोमवार, मंगळवार, बुधवार तीन पायऱ्या खाली. गुरुवार सकाळपासून रेघ वर चढायला लागलेली, ती आज सकाळपर्यंत चढतच आलेली. "गेल्या दोन दिवसांत इथे पाऊस झाला?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मे महिना, आभाळात ढगाचा तुकडा नाही. "मग भर मे महिन्यात विहीर वर कशी आली?"

भावोजींनी खणवाल्यांकडे बघितलं. साहेबांनी पट्टी खणवाल्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितली, मग खणीच्या दिशेने बघितलं, मग खाली. आत प्रिंटरने पुढची ओळ छापल्याचा टिक् असा आवाज सगळ्यांना ऐकू आला. शेवटी खणवालेच म्हणाले, "दोन दीस पंप बंद दवरिल्लो, सायबा." माणूस खोटं बोलला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगते. पंप चालू ठेवला असता तर उन्हाळ्याने पाणी उतरलं असं म्हणायला त्यांना वाव होता. बंद ठेवला, आणि विहिरीनेच साक्ष दिली. भावोजींना हे गुरुवारीच दिसलं होतं. मी जाळलेली सात वीत पट्टी जे पटवू शकली असती की नाही कोण जाणे, ते त्या एका वितीने पटवलं. साहेब निघाल्यावर भावोजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ही लॅमिनेट करूं नाका." त्यांनी हे पुढे प्रत्येक लग्नकार्यात सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. मी तक्रार करणार नाही, माझा तेवढा गुन्हा होताच.

काही आठवड्यांनी लेखी हुकूम आला. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत उपसा बंद, आणि खण आहे त्याहून खोल न्यायची नाही. खण वरच्या अंगाला सरकली, मारुतीचं काम टिकलं, तो अजून कळशी भरायला येतो. पणजीच्या खोलीत विनयने मुलीचं अभ्यासाचं टेबल लावलं. यंत्र मात्र भावोजींनी काढलं नाही. एकदा मी त्यांना ते घेऊन माझ्या शाळेत बोलावलं. खडू हातात आल्यावर त्यांनी दोन तास घेतले. एका मुलीने विचारलं, मग यंत्राला पहिला दिवस आठवतच नाही? नाही, ते म्हणाले, कालचाही आठवत नाही, पण रेघ कुठे तुटली का बघ. त्या कागदावरचं छापलेलंही दोन-तीन वर्षांत विरून जातं. पेटीतल्या जुन्या पट्ट्या आज पिवळ्या, कोऱ्या झाल्या आहेत. मला त्याचं वाईट वाटायचं. त्यांना वाटायचं नाही, आजचं पाणी बघा म्हणायचे.

ते गेले तेव्हा एप्रिल संपत आला होता. दुपारी स्मशानातून परतलेली माणसं रिवाजाप्रमाणे विहिरीवर न्हायली. साठ-सत्तर तरी असतील, कारखान्यातले जुने सोबती, वाड्यावरचे, माझ्या सासरचे. खणवालेही होते. ते पाणी काढून दुसऱ्यांच्या अंगावर ओतत होते आणि मधेमधे डोळे पुसत होते. मी ओसरीवरून बघत होते. माझ्या मनात तेव्हा पाण्याचा विचारही नव्हता.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर विनयने विषय काढला. हळू आवाजात, आईला दुखवायचं नाही अशा बेताने. आता एकटी इथे कशी राहणार? मुलगी खोली सोडायला तयार आहे. वर्षभर तरी चल. मीही त्याच्याच बाजूने बोलले, मला ताईची काळजी वाटत होती. ताई सगळं ऐकून घेऊन उठली, पंपाच्या खोलीत गेली आणि पट्टी घेऊन आली. एका तारखेपर्यंत भावोजींचं अक्षर होतं. पुढच्या तारखा ताईच्या तिरप्या अक्षरात होत्या. तिने पट्टी विनयच्या गुडघ्यावर आडवी पसरली आणि बोट ठेवलं. भावोजींच्या शेवटच्या तारखेपुढे रेघ सरळ चाललेली, आणि दुपारी एकदम खोल खड्डा. दीड हात पाणी. आयुष्यात भेटलेल्या सगळ्या माणसांनी त्यांच्यासाठी काढलेलं पाणी होतं ते... मला पुढचं नीट दिसेना. ताईचं बोट मात्र तिथे थांबलं नाही. ते खड्ड्याच्या तळापासून रेघेबरोबर वर सरकत गेलं, संध्याकाळ, रात्र, आणि दुसऱ्या दिवसाच्या पहाटेला येऊन टेकलं. रेघ परत होती तिथे आली होती.

"एप्रिलांत, बाबू," ती म्हणाली. "इतकीं माणसां न्हालीं, आनी फांतोडेर विहीर भरली. हांव खंय वचूं?"

मी कुठे जाऊ, या प्रश्नावर विनयने पट्टी पुन्हा एकदा बघितली. मग ती वडलांसारखीच गुंडाळून आईच्या हातात दिली आणि पणजीचा विषय पुन्हा काढला नाही. ताई तिथेच आहे. पाणी आहे, ती राहणार आहे.